पदर उलटा करून दाखवा

प्रति,
ऑनलाइन दुकानांत वस्तूचं पान कसं दिसावं हे ठरवणारे डिझायनर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि कॅटलॉग-प्रमुख यांस,



तुमची-माझी ओळख एका एक्सेल शीटपुरती. ती तुम्ही बनवता आणि मी भरतो. येवल्याचे पैठणी विणकर, कोल्हापूर-सांगलीकडचे चप्पल कारागीर, कोकणातले काही आंबा बागायतदार यांचा माल ऑनलाइन चढवून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. फोटो काढायचे, शीर्षक लिहायचं, ड्रॉपडाउनमधून कापड, रंग, प्रसंग निवडायचा, शीट अपलोड करायची, क्यूसीत फेल झालेल्या ओळी दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या आणि शेवटी रिटर्न आलेल्या पार्सलांचा हिशेब लावत बसायचं. हे पत्र तक्रारीचं आहे. पण सेलर सपोर्टला तिकीट टाकून मिटेल अशी ही तक्रार नाही, कारण तिथे उत्तर देणाऱ्याच्या हातात काही नसतं. पानाची मांडणी तुमच्या हातात आहे, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या साच्यात ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट बाजारातूनच नाहीशी होते. विकणाऱ्याला ती सांगता येत नाही, घेणाऱ्याला ती विचारायचं सुचत नाही आणि नकली माल विकणाऱ्याला ती लपवण्याचे कष्टही पडत नाहीत. पानावर खोटं लिहिलं तर निदान पकडता तरी येतं. खऱ्याला जागाच ठेवली नाही, तर तक्रार कुठल्या कलमाखाली करायची?

पैठणीचंच घ्या. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साडीच्या दुकानात काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. विक्रेता घडी मोडतो, पदर पसरतो, काठ दाखवतो. गिऱ्हाईक जाणतं असेल तर त्या घरातली मोठी बाई एक शब्द न बोलता पदर उलटा करते आणि मागून बघते. तिला जे हवं ते त्या एका हालचालीत कळतं. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, कमळ हे सगळं वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या छोट्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवून विणलेलं असतं. एका रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंततो आणि मागे फिरतो. त्यामुळे मागच्या बाजूलाही मोर तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावरच्या साडीत नक्षीचा धागा मागून लांबच लांब तरंगत जातो, मग तो कापतात. पदर उलटला की लोंबणारे नाहीतर कातरलेले दोरे दिसतात. पुढून पाहिलं तर, विशेषतः पाच इंची स्क्रीनवर, दोन्ही साड्या सख्ख्या बहिणी वाटतात.

आता तुमची शीट बघू. पहिला फोटो मॉडेलवर, मागची भिंत पांढरी. दुसरा त्याच मॉडेलचा, मान जरा वळवलेली. तिसरा पाठमोरा. चौथा कंबरेवर हात ठेवून. फोटोंना सात-आठ जागा असतात आणि त्या सगळ्या एकाच साडीच्या एकाच बाजूवर खर्च होतात. ‘पदराची मागची बाजू’ अशी जागा मला आजवर कुठल्याही शीटमध्ये मिळालेली नाही. हौसेने तो फोटो शेवटी जोडला तर कधी क्यूसीतून परत येतो, शेरा असतो: ‘प्रॉडक्ट स्पष्ट दिसत नाही’. ज्या एका फोटोने साडीची जात कळते, तोच नेमका अस्पष्ट ठरतो.

फोटोनंतर रकाने. ‘मटेरियल’च्या ड्रॉपडाउनमध्ये प्युअर सिल्क, सिल्क ब्लेंड, आर्ट सिल्क, पॉली सिल्क. यातलं आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा, हे गिऱ्हाइकाला कुठेही उलगडून सांगितलेलं नसतं. ‘पॅटर्न’मध्ये वोव्हन. ‘ऑकेजन’मध्ये पार्टी, वेडिंग, फेस्टिव्ह. हातमाग की यंत्रमाग, हा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. असला तर ऐच्छिक असतो आणि पानावर ‘अधिक माहिती’च्या पोटात जातो. जर कशाची, हाही प्रश्न नाही. साडी किती दिवस मागावर होती, कुणाच्या मागावर होती, हे तर दूरच. याच शीटमध्ये मी महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेली साडी भरतो आणि दुसरा कोणी सुरतेहून गठ्ठ्याने आलेली साडी भरतो. दोघांच्या शीर्षकात ‘पैठणी’, दोघांच्या रकान्यांत ‘वोव्हन’, दोघींवर तीच हसरी मॉडेल. उरतो एकच फरक, किमतीचा. मग गिऱ्हाइकाने दीड-दोन हजारांची साडी निवडली आणि आमची लुटारूंत गणना केली, तर त्यात तिचं काय चुकलं? तुम्ही तिला तुलना करायला दुसरं काही दिलंच नाही.

यंत्रमागाच्या साडीशी माझं वैर नाही. ती धुवायला सोपी, खिशाला परवडणारी आणि तिच्यावरही अनेकांची घरं चालतात. ती तिच्या नावाने विका, एवढंच म्हणणं आहे. ‘पैठणी नमुन्याची, यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम धागा’ असं पहिल्या ओळीत लिहिलं तरी ती साडी खपेल, कारण ती घेणारीला तीच हवी असते. नुकसान होतं ते पैठणी समजून ती घेणारीचं आणि पैठणी विणूनही ती पैठणी आहे हे सिद्ध करता न येणाऱ्याचं.

‘लाखो वस्तूंना एकच साचा लागतो, प्रत्येक जातीला वेगळे रकाने कुठून आणायचे,’ हे उत्तर मला तुमच्यापैकी काहींनी दिलेलं आहे. मग मोबाईलचं पान बघा. प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, बॅटरी किती एमएएच, पडद्याचा रिफ्रेश रेट, कॅमेऱ्याचं ॲपर्चर, सिम नॅनो की ई-सिम. तीस-तीस ओळींचा तक्ता असतो, प्रत्येक ओळीवर फिल्टर चालतो, दोन फोन शेजारी ठेवून तुलना करता येते. म्हणजे जमतं तुम्हाला. फोनची बॅटरी विचारणारं गिऱ्हाईक तुम्ही डोळ्यांसमोर आणलंत आणि त्याच्यासाठी रकाना केलात. माग विचारणारी बाई तुमच्या खोलीत कधी आलीच नाही. ती नागपुरात, नाशकात, न्यू जर्सीत बसून तोच प्रश्न मनात घेऊन पान वर-खाली करते आणि उत्तर न मिळाल्याने एकतर स्वस्तातली घेते किंवा पान बंद करते.

पानाची पहिली स्क्रीन, म्हणजे बोट न फिरवता जेवढं दिसतं तेवढं, हा तुमच्याकडचा सगळ्यात महागडा भूखंड. तिथे काय बांधलंय? फोटो, लांबलचक शीर्षक, खोडलेली एमआरपी, तिच्या शेजारी हिरव्या अक्षरांत सवलतीचा टक्का, बँकेच्या कार्डाची ऑफर आणि ‘फक्त २ शिल्लक’. वस्तू काय आहे हे सांगणारी एक ओळ नाही. साडीवर ‘७८ टक्के सूट’ दिसते तेव्हा ती कशावर, हे विचारायची सोय नसते. ती खोडलेली किंमत कुणी कधी दिली होती का, हेही कळत नाही. युरोपीय संघात मे २०२२ पासून नियम आहे की सवलत जाहीर करताना आधीच्या निदान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. किमतीचा इतिहास तुमच्याच सर्व्हरवर पडून आहे, एक ओळ छापायची आहे.

‘फक्त २ शिल्लक’ची गोष्ट तर आणखी वेगळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात फसवणुकीच्या १३ तऱ्हा नावानिशी दिल्या आहेत आणि यादीत पहिलीच आहे खोटी घाई. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ई-कॉमर्स मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्यायला सांगितलं. ही घाई गिऱ्हाइकाला कशी फसवते हे तुम्ही त्या निमित्ताने वाचलं असेलच. तिचा दुसरा बळी मात्र कुठल्याच अहवालात नसतो. माझ्या विणकराकडे खरोखर एकच साडी असते. त्याच रंगसंगतीची, त्याच बारकाव्यांची दुसरी पुन्हा निघेलच असं नाही. तिच्या पानावर ‘एकच शिल्लक’ येतं आणि ते शब्दशः खरं असतं. पण दर तिसऱ्या पानावर तेच लाल अक्षरांत वाचून लोक इतके निबर झालेत की ते खरं असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. खोटं इतक्यांदा बोललं गेलं की खरं बोलायला शब्द उरला नाही.

एकाच नगाचं दुखणं इथे संपत नाही. तुमचं सगळं गणित वस्तू पुन्हा पुन्हा तीच विकली जाईल असं धरून मांडलेलं आहे. एका एसकेयूला एक फोटो आणि त्याखाली पाचशे नग. पान जितकं जुनं, विक्री जितकी जास्त, तारे जितके जमलेले, तितकं ते शोधात वर. हातमागाची साडी विकली की तिचं पान मरतं आणि त्यावर आलेला एखादा चांगला अभिप्रायही त्याच्यासोबत जातो. पुढच्या साडीला पुन्हा शून्य ताऱ्यांपासून सुरुवात, शोधात पुन्हा विसाव्या पानावर. तीस वर्षं विणणारा माणूस तुमच्याकडे दर साडीगणिक नवखा. उलट बाजूला, बारा वेगळ्या साड्या एकाच पानाचे ‘व्हेरिएंट’ म्हणून जोडायच्या आणि एकीचे तारे बाकीच्यांना वापरायचे, ही युक्ती बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक २०२२ मध्येच काढलं. अभिप्राय कोणत्या वस्तूचा आहे हे वाचणाऱ्याला कळणं ही तर साधी अपेक्षा. हाताने घडवलेल्या मालासाठी याच्या पुढचं पाऊल सोपं आहे: अभिप्राय नगाला न जोडता घडवणाऱ्याला जोडा. पुस्तकाच्या पानावर लेखकाचं नाव दाबलं की त्याची बाकीची पुस्तकं दिसतात. विणकराच्या नावावर दाबलं की त्याच्या विकल्या गेलेल्या साड्या आणि त्यांवरचे अभिप्राय दिसायला काय हरकत आहे?

आता त्या पट्टीबद्दल बोलायलाच हवं, जी किमतीच्या बरोबर खाली आणि वर्णनाच्या बरोबर वर आडवी पसरलेली असते: ‘अशाच इतर वस्तू’. हातमागाच्या साडीचं पान कुणी उघडलं की त्या पट्टीत सहा साड्या येतात. तोच जांभळा, तोच नारळी काठ, तोच बांगडी मोर, किंमत दशमांश. कोपऱ्यात फिकट राखाडीत, भिंगातून वाचावं अशा अक्षरांत ‘प्रायोजित’. गिऱ्हाईक आमच्या फोटोमुळे आलं, आमच्या नावाने शोधत आलं आणि आमचं वर्णन वाचायच्या आधी तुम्ही त्याला नकलेच्या दारात नेऊन उभं केलंत. वर, आपल्याच पानावर ती पट्टी दिसू नये म्हणून आम्हीच जाहिरातीची जागा विकत घ्यावी असंही सुचवता. वेष बदललेली जाहिरात हीदेखील त्या १३ तऱ्हांपैकी एक आहे. ती पट्टी काढा असं मी म्हणत नाही, तुमचंही दुकान आहे. ती वर्णनाच्या खाली न्या, ‘जाहिरात’ हा शब्द किमतीच्याच आकारात छापा आणि हातमागाच्या पानाखाली हातमागाचाच माल दाखवा.

चपलांकडे येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार जिल्हे आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे तिकडचे चार. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मिरवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो आणि ते रास्तच होतं. शेवटी कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते मान्य करावं लागलं. पण आपल्या घरच्या पानांवर रेक्झिनच्या चपलेच्या शीर्षकात ‘कोल्हापुरी’ रोज झळकतं, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. तिकडे नाव घेतलं नाही म्हणून राग आणि इकडे नाव चोरलं तरी चालतंय, असं कसं?

चपलेच्या पानावरचा दुसरा घोळ मापाचा. शीटमध्ये आकडा विचारतात: यूके ७, ईयू ४१, यूएस ८. रुंदी कुणी विचारत नाही. कातडी अंगठ्याची, पट्टा शिवलेला, बक्कल नाही, म्हणजे चप्पल सैल-घट्ट करायची सोय नाही. पाय रुंद असला की आकडा बरोबर येऊनही चप्पल चावते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात असं त्यातून निघालं आणि ‘भा’ नावाची आपली मापपद्धती सुचवली गेली. ती दुकानांत येईल तेव्हा येईल. तोवर पानावर दोनच गोष्टी हव्यात: तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये. गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारेल आणि पट्टीने मोजेल. सोबत एक ओळ: ‘खरं कातडं आहे, सुरुवातीला घट्ट वाटेल, वापरून सैल होईल.’ ही ओळ लिहायला जागा नसल्यामुळे चप्पल दुसऱ्या दिवशी परत येते. रिटर्नच्या कारणात गिऱ्हाईक ‘साइझ बरोबर नाही’ निवडतं, येण्या-जाण्याचं भाडं कारागिराच्या खात्यातून कापलं जातं आणि पान होतं तसंच राहतं. त्याच मापाची पुढची चप्पल त्याच कारणाने पुन्हा परत येते. त्या कारणांचा ढीग तुमच्याकडे आहे. ‘ही चप्पल घेणारे बरेच जण एक माप मोठं घेतात’ अशी ओळ काही पानांवर तुम्ही दाखवता, ती आम्हालाही द्या.

पानावरचं डोळसांनाही नीट कळत नाही, मग ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, याचाही विचार व्हावा. मापांचा तक्ता, धुण्याच्या सूचना, साडीची लांबी हे सगळं फोटोत चिकटवून टाकायची पद्धत पडली आहे. फोटोतली अक्षरं स्क्रीन रीडरला भरवशाने वाचता येत नाहीत. अंध गिऱ्हाइकाला ऐकू येतं ते ‘इमेज, सातपैकी चार’. तोच तक्ता अक्षरांत दिला तर तो वाचून दाखवता येतो, मोठा करता येतो, शोधता येतो, भाषांतरितही होतो. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. रंगाचंही तसंच. जगभर मानली जाणारी सुगम्यतेची तत्त्वं साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ला १ इतका कॉन्ट्रास्ट मागतात. ‘आत्ताच खरेदी करा’चं बटण डोळ्यांत भरेल असं रंगवलेलं असतं. विक्रेत्याचा पत्ता आणि परतीच्या अटी पांढऱ्यावर फिकट राखाडीत का असतात, ते तुम्हीच सांगा.

मराठीचंही थोडं बोलतो. २०२१ मध्ये देशातल्या दोन मोठ्या खरेदी ॲपांवर मराठी आली, त्याआधी बराच आवाज उठवावा लागला होता. आता अनेक ठिकाणी बटणं मराठीत दिसतात. पण बटण मराठीत आणि परतीची अट इंग्रजीत, हे अर्धं भाषांतर गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही. सही करायची जागा मराठीत आणि करार इंग्रजीत असा तो प्रकार होतो. आधी अटी, मापं आणि कापड मराठीत आणा. ‘खरेदी करा’ हे बटण लोकांना रंगावरूनच कळतं.

कायद्याचं ओझं घालायचं नाही, पण आठवण करून द्यायला हवी. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, किंमत अशा पाकिटावरच्या बहुतेक घोषणा ऑनलाइन पानावरही दाखवणं बंधनकारक झालं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे तपशील, परतावा, बदल, मूळ देश हे सगळं स्पष्ट दिसावं असं सांगितलं. आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती गृहीत धरण्याला मनाई केली आणि शोधात वर-खाली लावण्याचे मुख्य निकषही सोप्या भाषेत उघड करायला लावले. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा तर नाव खोटं वापरणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. म्हणजे मी मागतोय त्यातलं बरंचसं कागदावर आधीच आहे. अडलंय ते पानावर. ‘दाखवा’ असं नियम म्हणतो. कुठे दाखवायचं, किती मोठं दाखवायचं आणि त्याआधी दुसरं काय दाखवायचं, हे तुम्ही ठरवता. ग्राहकाला तो तपशील तीन वेळा दाबल्यावर मिळत असेल तर नियम पाळला गेला असेल, हेतू मात्र हरला.

तुमचा शेवटचा मुद्दा मला ठाऊक आहे: माहिती वाढवली की विक्री घटते, आम्ही एबी टेस्ट करून बघितलंय. पण ती टेस्ट कुठे थांबते? ‘ऑर्डर दिली’ या क्षणी. सातव्या दिवशी परत आलेली साडी, दारातूनच नाकारलेलं सीओडीचं पार्सल, पुढच्या वेळी तुमच्या ॲपवर न आलेलं गिऱ्हाईक, यातलं काहीही त्या आलेखात नसतं. टेस्ट परतीची मुदत संपेपर्यंत चालू ठेवा आणि मग दोन्ही पानांची बेरीज करा. पदराची मागची बाजू पाहून घेतलेली साडी कमी वेळा परत येते, हा माझा अंदाज आहे. खोटा ठरवायला तुमच्याकडे सगळी साधनं आहेत. ठरवून दाखवा.

तेव्हा मागण्या क्रमाने लिहितो.

१. हातमाग, कातडं, फळं अशा मालाला मोबाईलसारखे स्वतःचे रकाने द्या. साडीसाठी माग, धागा, जर आणि विणकराचं नाव-गाव हे ऐच्छिक नकोत, सक्तीचे हवेत. ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवा आणि तोही पानावर ठळक दाखवा.

२. फोटोंच्या ठरलेल्या जागांत पूर्ण उघडलेला पदर, त्याची मागची बाजू, काठ जवळून आणि ब्लाउज पीस यांना एकेक जागा राखून ठेवा. एक फोटो दिवसाच्या उजेडातला, फिल्टरशिवाय.

३. ‘पैठणी’, ‘कोल्हापुरी’, ‘हापूस’ अशी मानांकित नावं शीर्षकात हवी असतील तर अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळा. सिल्क मार्क, हँडलूम मार्क, देवगडच्या उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात फळांवर लावायला घेतलेले क्रमांकाचे स्टिकर, या खुणांसाठी रकाना ठेवा. क्रमांक नसेल तर शीर्षकात ‘नमुन्याची’ हा शब्द आपोआप जोडा.

४. पहिल्या स्क्रीनवर, किमतीच्या वर, एका ओळीत वस्तू काय आहे ते लिहा: कशाची, कशावर, कुठे बनली. सवलत दाखवायची तर ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सोबत द्या. शिल्लक नगांचा आकडा गोदामातल्या नोंदीशी जोडलेला नसेल तर दाखवूच नका.

५. एकाच नगाच्या मालाचे अभिप्राय घडवणाऱ्याच्या नावावर जमा करा आणि परतीची कारणं महिन्याकाठी त्याला त्याच्या भाषेत कळवा.

सगळं एकदम होणार नाही, हे मलाही कळतं. सुरुवात एका जातीपासून करा. साड्यांपासूनच करा, कारण दिवाळी आणि लग्नसराईत सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. नव्या रकान्यांची शीट तुम्ही पाठवा. ती भरायची कशी, कुठल्या रकान्यात विणकर अडतो, कुठला शब्द त्याला कळत नाही, कुठला फोटो घरच्या फोनवर निघत नाही, हे सांगायला आम्ही कॅटलॉग भरणारे फुकट बसायला तयार आहोत. येवल्यात बसू, पुण्यात बसू, तुमच्या ऑफिसात बोलावलंत तर तिथे येऊ. येताना दोन साड्या आणतो, एक हातमागावरची, एक यंत्रमागाची. शीट ठरवण्याआधी तुमच्या टीममधल्या प्रत्येकाने दोन्ही उलटून पाहाव्यात आणि त्यातली कुठली कुठली, हे आपल्याच पानावरून ओळखून दाखवावं. ज्या दिवशी ते जमेल त्या दिवशी हे पत्र मागे घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमची शीट भरणारा एक जण